बुक्कीच्या पिसवा आणि सरोजाबाईंचा जमखाना

मांजराचं पिल्लू टेबलावर ठेवलं तेव्हा त्याला देवघराचा वास येत होता.

भर दुपार होती आणि वीज गेली होती. इन्व्हर्टरवर पंखा इतका हळू फिरत होता की त्याची पाती मोजता आली असती. मी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. दुपारची झोप ही माझ्या आयुष्यातली एकमेव शिस्त आहे. साताऱ्याहून लग्न होऊन कुंभकोणमला आले, सासरच्या पुढच्या खोलीत जनावरांचा दवाखाना काढला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण ही शिस्त मी मोडलेली नाही. त्या वासानं क्षणभर वाटलं, आपण आरतीला उभ्या आहोत आणि कोणीतरी आता तबक पुढे करणार. मग पिल्लू शिंकलं आणि मी जागी झाले.

"हें पाहा कीं डॉक्टरम्मा," समोरच्या बाई म्हणाल्या. "सकाळपासून दूध घेईना झालेंय."

या सरोजाबाई. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. वय साठीच्या पुढे, अंगानं काटक, आवाज मात्र भरदार. त्यांचे यजमान भजनी मंडळींचे पुढारी होते. इथे अशा माणसाला भागवतर म्हणतात. ते दोन-तीन वर्षांपूर्वी वारले. तंजावरकडची ही मराठी घरं मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आली ती इकडचीच झाली. रस्त्यावर तमिळ बोलतात आणि उंबऱ्याच्या आत जुन्या पोथीतलं वाटावं असं मराठी. लग्नानंतर पहिले काही महिने सासूबाई बोलायला लागल्या की मला उगाच पदर सावरावासा वाटे.

पिल्लू पांढरंशुभ्र होतं. कपाळावर मध्यभागी काळा ठिपका, अगदी बुक्का लावल्यासारखा. म्हणून नाव बुक्की. वय जेमतेम महिनाभर. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावून वर जागा उरेल एवढा जीव. अंग तेलकट, चिकट, आणि मधूनमधून थरथरत होतं.

"काय लावलंत हिला?"

"कापूर. खोबरेलांत कुटून. पिसवा झाल्यात कीं तिला. आमच्या लहानपणीं डोक्यांत उवा झाल्या तर आई हेंच लावी."

माझी झोप पार उडाली. मला राग पटकन येतो आणि तो लपवता येत नाही.

"अहो सरोजाबाई, माणसाचं मूल वेगळं आणि मांजर वेगळं! कापूर मांजराला विष आहे. तुमच्या-आमच्या पोटात गेलेल्या अशा गोष्टी आपलं लिव्हर मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या लिव्हरला ते जमत नाही. आणि मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात. निंबेल लावा, निलगिरी लावा, सगळ्याची तीच गत."

सरोजाबाईंचा चेहरा पडला. "मज काय ठाऊक? देवापुढलाच कापूर होता. शुद्ध."

शुद्ध! मी बुक्कीचा ओठ वर करून हिरडी बघितली. निरोगी पिल्लाची हिरडी गुलाबी असते. हिची कागदासारखी होती. म्हणजे कापराच्या आधीपासूनच पिसवांनी काम सुरू केलं होतं. मी तिच्या शेपटीजवळचे केस विंचरून पडलेली काळी कणी ओल्या कापसावर ठेवली. कणीभोवती तांबूस डाग पसरला. ही पिसवांची विष्ठा. पिसू रक्त पिते आणि रक्तच टाकते. घरी कोणालाही करता येईल अशी ही परीक्षा आहे: काळी कणी ओल्या कापसावर लाल झाली तर पिसवा, नाही झाली तर साधी धूळ.

मोठ्या मांजराला पिसवा होणं म्हणजे खाज. एवढ्याशा पिल्लाला पिसवा होणं म्हणजे जिवाशी गाठ. त्याच्या अंगात रक्तच चमच्यांनी मोजावं एवढं असतं, आणि पिणारी तोंडं शेकड्यानं.

तेवढ्यात सरोजाबाईंचा फोन वाजला. मुलगा होता, रघुनाथ. विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो, आणि मराठी आईसारखं पोथीतलं नाही, माझ्यासारखं बोलतो. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"डॉक्टर, मी मेडिकलमध्येच उभा आहे. कुत्र्यांचं एक औषध आहे, मानेवर टाकायचं. अर्धं टाकलं तर चालेल का?"

"चालेल. पिसवा जातील."

"बरं झालं."

"मांजरही जाईल."

मग त्यानं घसा साफ केला. "हे बघा डॉक्टर, मला मांजराशी वैर नाही. माझी बायको पापनाशम्ला माहेरी आहे, बाळंतीण. या महिन्यात बाळाला घेऊन येणार. घरात पिसवा आहेत म्हटल्यावर सासूबाई तिला पाठवायच्या नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. मी अम्माला सांगून ठेवलंय. ते यायच्या आधी मांजर स्वच्छ झालं तर ठीक. एक पिसू दिसली तरी मी त्याला मासळी बाजारात सोडणार."

मासळी बाजारात महिन्याचं पिल्लू किती टिकतं ते मला माहीत आहे. सरोजाबाईंनाही माहीत होतं. मी फोन परत दिला तेव्हा त्या माझ्याकडे न बघता बुक्कीच्या कानामागे बोट फिरवत होत्या. "हिची आई गेली ती आलीच नाहीं," त्या म्हणाल्या. "मीच बोळ्यानें दूध पाजून वाढवली. यजमान गेल्यापासून घरांत मला हांक मारणारें हेंच एक."

एवढ्या लहान जिवाला औषध देता येत नाही असं नाही. एक फवारा असतो, तो मापून देता येतो. पण जे पिल्लू आधीच कापरानं थरथरतंय आणि ज्याच्या अंगात रक्त नाही, त्याच्यावर आणखी एक रसायन टाकायची माझी तयारी नव्हती. मग उरतं काय? पाणी, साबण, फणी आणि धीर.

सेल्वीला हाक मारली. सेल्वी माझी सहायक. ती आणि मी तमिळमध्ये बोलतो आणि बहुतेक वेळ भांडतो. तिनं कोमट पाणी आणलं. कोमट म्हणजे आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं तर गार नाही, गरम नाही, काहीच जाणवू नये असं. भांडी घासायचा सौम्य साबण, थेंबभर. आणि पहिलं काम, मानेभोवती फेसाचा पट्टा. हे महत्त्वाचं. अंग भिजलं की पिसवा कोरड्या जागेकडे पळतात, म्हणजे डोक्याकडे. कानात, डोळ्यांत शिरतात. मानेभोवती आधी फेस केला की वाट बंद. मग खालचं अंग धुवायचं. डोकं पाण्यात घालायचं नाही, ते ओल्या कापसानं पुसायचं.

बुक्की एकदाच ओरडली. मग कोमट पाण्यात तिचे डोळे मिटायला लागले. कापराचा वास हळूहळू साबणात विरघळला. लगेच टॉवेलात गुंडाळून तिला कोरडी केली, गरम पाण्याची बाटली कपड्यात लपेटून पाठीशी ठेवली. ओलं पिल्लू गारठून मरतं, मग तो कुंभकोणमचा उन्हाळा का असेना.

आणि फणी. बारीक दातांची, उवांची असते तीच. सरोजाबाईंनी कमरेच्या पिशवीतून स्वतःची काढून दिली, लाकडी, गुळगुळीत झालेली. मी मानेपासून शेपटीपर्यंत ती ओढायची, दातांत अडकलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायची, पुसायची, पुन्हा मानेपासून. पिसू चिमटीत मारायला जाऊ नये, ती सुटते. साबणाच्या पाण्यात ती तळाला जाते.

ते काम सुरू झालं आणि दुपार कुठे गेली मला कळलं नाही. वीज आली नाही. गल्लीत कोणी फिरकलं नाही. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा आवाज लांबून येत होता, तोही जणू पाण्याखालून. सरोजाबाई ओठांतल्या ओठांत काहीतरी गात होत्या, विठोबाचंच असणार, आणि माझा हात आपोआप त्या लयीत चालू लागला. मानेपासून शेपटीपर्यंत, वाटीत, पुन्हा मानेपासून. मला आठवत नाही मी जागी होते की नाही. एकदा वाटलं मी साताऱ्याला आहे, आई माझे केस विंचरतेय आणि मला झोप येतेय. एकदा वाटलं पिल्लूच मला विंचरतंय. खरंच सांगते, नोकरीत आणि धंद्यात इतकी वर्षं घालवली, इतकी सुखाची दुपार मला दुसरी आठवत नाही.

ऊन उतरलं तेव्हा वाटीचा तळ काळा झाला होता आणि बुक्कीनं बाटलीतून दूध ओढलं. थरथर थांबली होती. सेल्वी म्हणाली, "डॉक्टरम्मा, तुम्ही घोरत होतात." मी तिला कामाला लावलं.

सरोजाबाईंना मी बजावून सांगितलं. रोज फणी फिरवा. जिथं झोपवता तो कपडा रोज उकळत्या पाण्यात टाका. घर झाडा, कोपरे झाडा. लिव्हरचं आणि रक्ताचं औषध थेंबानं द्या. मग आम्ही बघू.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या. पिल्लाच्या पोटावर पिसवा पळत होत्या आणि हिरडी पुन्हा तशीच, कागदासारखी.

"कपडा उकळता ना?"

"रोज. माझें जुनें लुगडें आहे."

"झाडता?"

"डॉक्टरम्मा, माझ्या घरीं जमिनीवर भात सांडला तर उचलून खावा."

ते खरं असणार. मी बुक्कीला पुन्हा विंचरलं, पण या वेळी दुपार काही स्वप्नासारखी गेली नाही. कुठेतरी साठा होता. लोकांना वाटतं पिसवा मांजरावर राहतात. त्या मांजरावर जेवतात. अंडी मांजराच्या अंगावरून घरंगळून खाली पडतात, आणि पुढचा सगळा संसार खालीच, अंधारात, धुळीत, कापडाच्या विणीत. कोष फुटतात आणि पोरं जेवायला मांजराकडे येतात. मी ताटावर बसलेल्या पाहुण्यांना हाकलत होते आणि माजघरात मांडव भरला होता.

संध्याकाळी मी सरोजाबाईंच्या घरी गेले. दाराशी चपला काढल्या आणि पिशवीतून पांढरे मोजे काढून घातले. सरोजाबाई बघतच राहिल्या. देवाच्या घरात कोणी मोजे काढतं, घालत नाही.

"हें कसाला?"

"पिसवा पकडायला."

ही आमच्या धंद्यातली साधी युक्ती आहे. पांढरे मोजे घालून घरात हळू फिरायचं. ऊब आली की पिसवा उडी मारतात, आणि पांढऱ्यावर काळं लगेच दिसतं. स्वयंपाकघरात काही नाही. देवघरात काही नाही. सरोजाबाईंच्या खोलीत, जिथं बुक्कीची टोपली होती, तिथं एक-दोन. मग पुढची भजनाची खोली. भिंतीला टेकवलेला तंबोरा, विठोबा-रखुमाईची तसबीर, आणि कोपऱ्यात फळीवर गुंडाळून ठेवलेला लांबरुंद जमखाना, लाल-निळ्या पट्ट्यांचा. मी त्याच्याजवळ गेले. उभी राहिले. पायाकडे बघितलं.

माझे मोजे पांढरे राहिले नव्हते.

"मांजर व्यायली कुठे होती?" मी विचारलं.

दारात उभा असलेला रघुनाथ बोलला. "या गुंडाळीतच. आतल्या पोकळीत." मग तो एकदम म्हणाला, "तरीच! गेल्या एकादशीला मरुदानल्लूरहून मंडळी आली होती भजनाला. मृदंगवाले मामा प्रत्येक समेनंतर पोटरी खाजवत होते. मला वाटलं रंगात आलेत."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. मी म्हटलं, "सापडलं एकदाचं. उद्या गच्चीवर न्या, बडवा, उकळत्या पाण्यानं धुवा, दोन दिवस कडक ऊन द्या. संपलं."

"नाहीं," सरोजाबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"तो धूत नाहींत. झाडतही नाहींत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. रघुनाथनं मान खाली घातली होती. त्याला कारण माहीत होतं, आणि थोड्या वेळानं मलाही आठवलं. आमच्या सासरीही हे पाहिलं आहे मी. भजन संपलं की मंडळी उठून एकमेकांच्या पाया पडतात, आणि जिथं सगळे नाचले तिथं अंग टाकून लोळतात. भक्तांच्या पायांची धूळ अंगाला लागावी म्हणून. मोठमोठे लोक, रिटायर झालेले इंजिनियर, सोवळ्यातले आजोबा, मुलांसारखे गडबडा लोळतात. ज्या जमखान्यावर इतकी वर्षं हे झालं, त्यातली धूळ ही धूळ नव्हे. ती बाहेर झाडून टाकायची नसते.

"यजमान ह्याच्यावर उभे राहून गात," सरोजाबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "त्यांचे पाय ह्यांत आहेत. आणखी कोठें आहेत, सांगा तुम्ही. फोटोंत पाय नाहींत."

मी भिंतीकडे बघितलं. फोटो छातीपर्यंतचा होता.

"अम्मा, मी हळूच बडवतो," रघुनाथ म्हणाला. "काठीनं नाही, हातानं."

"मी असेपर्यंत नाहीं, रघू."

"मग मांजर?"

"तुला तें घालवायचेंच आहे."

"मला बाळाला आणायचंय! माझ्या मुलीला पिसवा चावलेल्या चालतील का तुला?"

आई आणि मुलाच्या मधे बुक्की जमिनीवर बसली होती, आणि बसल्या बसल्या डुलत होती, म्हाताऱ्या माणसासारखी. रक्त कमी झालं की असं होतं. झोप नव्हे ती.

मी फवाऱ्याचं सुचवलं, आणि सुचवताना मलाच पटत नव्हतं. ज्या जमखान्यावर तान्हं मूल उद्या पालथं पडणार, त्यावर कीटकनाशक मारायचं? रघुनाथ नको म्हणाला. सरोजाबाईही नको म्हणाल्या. एवढ्यावरच त्यांचं एकमत झालं. मी म्हटलं, "मग ऐका. ही आणखी आठवडा काढणार नाही. मी विंचरेन, तुम्ही विंचराल, आणि ही खोली तिला पीत राहील. मी डॉक्टर आहे, तुमच्या घरातलं काय ठेवायचं आणि काय नाही, ते मी सांगू शकत नाही. पण हे सांगू शकते." बोलताना आवाज चढला. बुक्कीला उचलून मी दवाखान्यात घेऊन आले. तिच्यासाठी रागावले होते, आणि त्या बाईंचंही मला कळत होतं. दोन्ही एकदम. तसं रागवायला फार त्रास होतो.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी सरोजाबाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. रात्रभर जागलेला चेहरा, पण शांत. मांडीवर पितळेची घागर.

"कशी आहे?"

"दूध प्यायली. जिवंत आहे."

"डॉक्टरम्मा, एक पुसायचें आहे. ती धूळ टाकायची नाहीं. पण न्यायची झाली तर चालेल कीं नाहीं?"

"कुठे न्यायची?"

"कावेरीस."

आडी महिना होता, म्हणजे आपला आषाढ, पण इकडे तेव्हा ऊनच असतं. नदीला नवं पाणी आलं होतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. मी हो म्हणणार होते, पण धंदा सुटत नाही. मी म्हटलं, "नदीत टाकायच्या आधी त्यावर उकळतं पाणी ओतावं लागेल. नुसत्या गार पाण्यावर माझा भरवसा नाही. अंडी काठाला लागतील आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मांजरावर जातील."

बोलून झाल्यावर मला माझीच लाज वाटली. पण त्यांनी मान डोलावली.

"बरोबर आहे. तेही तसेच गेले. आधीं अग्नि, मग पाणी."

त्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला आणि सेल्वीला घेऊन त्यांच्या घरी गेले. रघुनाथनं ऑफिसात फोन करून रजा टाकली होती. जमखाना खोलीतच उलगडला. कोणी काठी घेतली नाही. सरोजाबाई एका टोकाला बसल्या आणि मऊ कुंचल्यानं धूळ पुढे पुढे आणू लागल्या, पट्ट्यापट्ट्यानं, आणि गात होत्या, या वेळी मोठ्यानं. रघुनाथ दुसऱ्या टोकाकडून. मी आणि सेल्वी मोजे घालून कडेला, पळणाऱ्या पिसवांना साबणाच्या ताटात घेत. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटलं असतं देव जाणे. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्यात ती धूळ वर उठून तरंगत होती, सोनेरी, खाली यायची काही घाईच नसल्यासारखी. मला पुन्हा झोपेत चालल्यासारखं झालं. सरोजाबाई गाता गाता थांबल्या, त्या उन्हाकडे बघत राहिल्या, आणि मग पुन्हा तिथूनच गाणं उचललं.

धूळ घागरीत भरली. सेल्वीनं उकळतं पाणी ओतलं. पाणी तांबूस झालं. त्यात बुक्कीचंही रक्त होतं, ते मी बोलले नाही.

घाटावर आम्ही चौघं गेलो. घागर निवेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. नदी मातकट, भरलेली, आवाज न करता चाललेली. मग सरोजाबाई उठल्या. रघुनाथ घागर उचलायला पुढे झाला तर त्यांनी हातानं थांबवलं.

"त्यांच्या अस्थि तूं आणल्यास," त्या म्हणाल्या. "मला नेलें नाहीं. बायका येत नाहींत म्हणालेत सगळे. मी घरीं जमखान्यावर बसून होतें."

रघुनाथला हे माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. तो चपला काढून आईच्या आधी पाण्यात उतरला, गुडघाभर पाण्यात घट्ट उभा राहिला आणि हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि खाली उतरल्या. दुसऱ्या हातानं घागर कलती केली. पाणी पाण्यात गेलं. थोडा वेळ एक तांबूस पट्टा दिसला आणि मग तोही नदीसारखाच झाला. त्या तशाच उभ्या होत्या. रघुनाथनं हात सोडला नाही. मी वरच्या पायरीवर उभी राहून रडत होते आणि सेल्वी मला म्हणत होती, डॉक्टरम्मा, लोक बघतायत.

बाकीचं आमच्या धंद्यातलं. जमखाना उकळत्या पाण्यानं धुतला, त्याचा लाल रंग थोडा उतरला, गच्चीवर कडक उन्हात वाळला. त्यानं सगळं संपलं असं नाही. कोष फार चिवट असतात, फटीत लपून बसतात, म्हणून पुढेही कित्येक दिवस एखादी पिसू दिसे आणि सरोजाबाई फणी घेऊन डोळ्यांत तेल घालून बसत. रघुनाथनं फरशीच्या फटी स्वतः साफ केल्या, आणि बाळाला आणायचं थोडं पुढे ढकललं, मला न विचारता. बुक्कीची हिरडी आधी मळकट गुलाबी झाली, मग खरी गुलाबी. औषधाच्या वयाची झाली तेव्हा तिला मांजराचं, मापाचं औषध मानेवर लावलं. बाळ पापनाशम्हून आलं. मांजर बाजारात गेलं नाही.

या अनुभवातून शिकले ते एवढंच. पिसवांनी खाल्लेलं पिल्लू कोणी आणलं की मी आधी हिरडी बघते, मग कोमट पाणी आणि फणी. कापूर, तेल, कुत्र्याचं औषध काही लावलंय का ते विचारते. ते कुठे झोपतं ते विचारते. आणि हल्ली एक प्रश्न आणखी विचारते, जो कॉलेजात कोणी शिकवला नव्हता: त्या जागी आधी कोण बसत होतं?